बांधकामाआधी माळ मोजताना

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या संस्थेने मुलींच्या वसतिगृहासाठी घेतलेल्या जागेची मोजणी झाली आणि बांधकाम समितीच्या बैठकीत अभियंत्यांनी मला एकच प्रश्न विचारला : झाडे किती तोडावी लागतील? मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून हे काम माझ्याकडे आले होते. जागा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या पठारावर आहे. क्षेत्र १२ हेक्टर, म्हणजे सुमारे ३० एकर; सातबाऱ्यावर त्यातले बरेचसे पोटखराब आणि आराखड्यावर तर सरळ ‘मोकळी जागा’ असेच लिहिलेले. एका सकाळी जाऊन मी झाडे मोजली. बाहेरून येऊन माजलेल्या वेड्या बाभळीचे रान सोडून हिवर, बोर, बाभूळ, दोन कडुनिंब आणि ओढ्याच्या काठचे चार करंज असे सगळे मिळून ४१ झाडे भरली. एवढा आकडा कळवला असता तर माझ्याकडून कोणी अधिक काही मागितले नसते.

त्या माळावर वर्षानुवर्षे मेंढरे चारणारे एक आबा त्या दिवशी माझ्याबरोबर होते. माळाच्या मधोमध, जिथे वसतिगृहाचे जोते येणार होते तिथे, आम्ही पाणी प्यायला थांबलो. मी खाली बसणार तोच त्यांनी माझा दंड धरला. “थांबा सर, म्होरं टिटवीचं हाय.” मला काही दिसेना. त्यांनी काठीचे टोक जमिनीपासून वीतभर वर धरून दाखवले, तेव्हा मुरमातला तळहाताएवढा उथळ खळगा नजरेला आला. भोवती हरभऱ्याएवढ्या खड्यांची कड होती आणि आत चार अंडी, निमुळती टोके मध्याकडे वळवलेली. मातकट रंगावर काळसर ठिपके असल्यामुळे ती अंडी खड्यांत पूर्ण मिसळून गेली होती. उन्हात खडे थोडे चमकत होते आणि अंडी चमकत नव्हती, इतकाच काय तो फरक. वीसेक पावलांवर डोक्यावर काळी टोपी आणि चोचीच्या मुळाशी पिवळी लोंब असलेली माळटिटवी अस्वस्थपणे पळत होती. तिथून सर्वांत जवळचे झाड शंभरएक पावले दूर होते. माझ्या ४१ झाडांच्या यादीत त्या खळग्याला जागाच नव्हती, आणि त्याच ठिकाणी चुन्याची फक्की पडायची होती.

त्या दिवसापासून मला असे ठामपणे वाटते की, जागेवर कुदळ पडण्याआधी विचारायचा प्रश्न झाडांच्या संख्येचा नसून, या जागेचा कोणता तुकडा कोणाचा अधिवास आहे आणि तो आज कोणत्या स्थितीत आहे, हा आहे. आपल्याकडचे नियम हा प्रश्न आपल्याला विचारत नाहीत. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. आमचे वसतिगृह त्याच्या कितीतरी खाली येते. ठरावीक जातींचे झाड तोडायचे असेल तर १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आडवा येतो, पण गवत खरवडून काढायला कोणाची परवानगी लागत नाही. मराठवाड्यासारख्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात, जिथे कमी पाऊस आणि उथळ मुरमाड जमीन यांमुळे गवत हीच बऱ्याच माळांची मूळ वनस्पती आहे, तिथे झाडे मोजणारा नियम माळाकडे पाहतच नाही, असे म्हणावे लागते.

इंग्लंडमध्ये या कामाला कायद्याची चौकट आहे आणि तिचा अभ्यास मी त्या उन्हाळ्यात बारकाईने केला. तिथल्या २०२१ च्या पर्यावरण कायद्यानुसार १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या आणि २ एप्रिल २०२४ पासून लहान बांधकामांना, काही अपवाद वगळता, जैवविविधतेत किमान १० टक्के निव्वळ वाढ दाखवावी लागते आणि ती वाढ ३० वर्षे सांभाळावी लागते. त्यासाठी बांधकामाआधी जागेचे अधिवासांनुसार तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याचे क्षेत्रफळ, त्या प्रकारच्या अधिवासाचे वेगळेपण, त्याची आजची स्थिती आणि परिसरातले त्याचे महत्त्व यांचा गुणाकार करून एकके काढली जातात. स्थितीला वाईट, मध्यम, चांगली असे अनुक्रमे १, २, ३ गुण असतात. नव्याने तयार करायच्या अधिवासाचे गुण मात्र कापले जातात, कारण तो तयार व्हायला वर्षे लागतात आणि तो साधेलच याची खात्री नसते. प्राचीन वनासारखे जे अधिवास पुन्हा निर्माणच करता येत नाहीत, त्यांची हानी या हिशेबात दुसरीकडे भरून देता येत नाही. मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती आणखी एक तरतूद : ३० जानेवारी २०२० नंतर एखाद्याने परवानगी नसताना जागा मुद्दाम उजाड केली असेल, तर हिशेब उजाड जागेचा न धरता आधीच्या स्थितीचा धरतात. पाहणीच्या आदल्या आठवड्यात जेसीबी फिरवून ‘इथे काहीच नव्हते’ असे सांगण्याची सोय त्यामुळे उरत नाही. आपल्याकडे जमिनीचे व्यवहार जवळून पाहिलेल्या कोणालाही या तरतुदीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तिथले तक्ते आपल्या माळाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण ते तिथल्या कुरणांवर, कुंपणझुडपांवर आणि ओढ्यांवर बेतलेले आहेत. परंतु आधी पाहणी, मग आराखडा, आणि आराखड्यात आधी हानी टाळणे, ते शक्य नसेल तिथे ती कमी करणे आणि शेवटी भरपाई करणे, हा क्रम कुठल्याही जमिनीला लागू पडतो. आम्ही तोच घेतला.

पाहणी कोणत्या महिन्यात करायची, यावर तिचे निम्मे यश ठरते. शेजारच्या तालुक्यातल्या एका प्रकल्पासाठी एका सल्लागाराने तयार केलेला अहवाल मी वाचला आहे. मे महिन्यात एका दिवसाची भेट, त्यावर ‘विशेष वनस्पती व वन्यजीव आढळले नाहीत’ असा निष्कर्ष, आणि सोबतच्या यादीत त्या माळावर कधीच न उगवलेल्या झाडांची नावे. यादी दुसऱ्या कुठल्या अहवालातून उचललेली असावी, हे वाचताक्षणी लक्षात येत होते. मला त्या अहवालाचा राग आला तो या आळसामुळे, कारण त्या एका ओळीच्या आधारावर पुढे सबंध माळ सपाट झाला. मे महिन्यात माळ वाळलेला असतो. गवताचे तुरे झडलेले असतात, त्यामुळे जात ओळखता येत नाही. कंद जमिनीखाली असतात. हिवाळी पाहुणे पक्षी परतलेले असतात. त्या महिन्यातही पाहणाऱ्याला रानकांद्याचे पानांविना उभे राहिलेले फुलांचे दांडे आणि टिटवीची पिल्ले दिसू शकतात, पण त्यासाठी गाडीतून उतरून चालावे लागते.

म्हणून आम्ही चार फेऱ्या ठरवल्या. एप्रिलची झालेलीच होती. दुसरी मृगाच्या पावसानंतर केली, जेव्हा काळ्या मुसळीची पिवळी चांदणीसारखी फुले जमिनीलगत उमलतात आणि कुठल्या भागात पाणी मुरते, कुठून मुरूम वाहून जातो हे डोळ्यांनी दिसते. तिसरी, आणि सर्वांत मोठी, सप्टेंबरमध्ये केली, कारण गवते तेव्हाच फुलोऱ्यावर असतात. चौथी जानेवारीत, दिवस मावळताना केली. मध्य आशियाकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी हिवाळ्यात रात्रीचा मुक्काम झाडावर न करता उंच गवतात, जमिनीवर करतात. आमच्या माळावर त्या संध्याकाळी असे सात पक्षी एकेक करून उतरले. दिवसभर हे पक्षी आसपासच्या रानांत नाकतोडे आणि उंदीर टिपत फिरतात. त्यांच्या मुक्कामाची जागा गेली तर शिवारातला त्यांचा वावरही जातो.

सप्टेंबरच्या फेरीचे सविस्तर सांगतो, कारण अधिवासाची प्रत ठरते ती तिथे. पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट केली आणि माळाच्या वेगवेगळ्या भागांत ३० ठिकाणी ती टाकली. जिथे गवत चांगले दिसते तिथेच चौकट टाकण्याचा मोह होतो, म्हणून जागा आधीच नकाशावर ठरवून तिथे खुंट्या ठोकल्या होत्या. प्रत्येक चौकटीत कोणकोणत्या जाती आहेत, उघडा मुरूम किती, गवताची उंची किती, तण किती आणि खुरांनी तुडवल्याच्या खुणा किती, हे विद्यार्थ्यांनी लिहून घेतले. उताराच्या मध्यावरची सतरावी चौकट मला अजून डोळ्यांसमोर दिसते. तिच्यात मारवेलाचे तीन ठोंब होते, त्यांची बोटांसारखी फुटलेली जांभळट कणसे वाऱ्यावर एकाच बाजूला कललेली. पवन्याची बारीक पाती त्यांच्यामधून वर आली होती. एका ठोंबाच्या आधाराने कंदीलपुष्पाची वेल चढली होती, तिला दोनच फुले होती. ठोंबांच्या मधली जमीन मोकळी होती आणि तिथे मुंग्यांनी गवताच्या बियांची फोलपटे गोलाकार रचून ठेवली होती. हे मोकळेपण दोष नाही. चंडोल, लावा आणि टिटवी यांना चालायला तीच वाट लागते. तिथून दोनशे मीटरवरच्या, रस्त्यालगतच्या चौकटीत गाजरगवत आणि तरोटा यांच्याशिवाय काही नव्हते, आणि लांबून पाहणाऱ्याला तोच तुकडा जास्त हिरवा वाटला असता.

दख्खनच्या पठारावरच्या गवताळ माळांची उतरंड जाणत्यांना ठाऊक असते. पवन्या आणि मारवेल यांसारखी बहुवर्षायू गवते टिकून असतील तर माळ चांगल्या स्थितीत आहे. चराई किंवा वणवा वाढला की कुसळ हे टोकदार बियांचे गवत पुढे सरसावते. त्याहून ताण वाढला की एका हंगामात उगवून मरणारी बारीक गवते आणि उघडा मुरूम उरतो, आणि माती उलथली गेली की गाजरगवत येते. आबांना यातले एकही शास्त्रीय नाव माहीत नव्हते, पण कुठल्या तुकड्यावर मेंढरू पोटभर चरते आणि कुठे कुसळे लोकरीत अडकून कातडीत घुसतात, हे सांगताना त्यांनी जो नकाशा काठीने जमिनीवर काढला, तो आमच्या ३० चौकटींच्या नकाशाशी जवळजवळ जुळला. खोकडाच्या बिळाची तीन तोंडेही त्यांनीच दाखवली. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. आबांसारख्यांची माहिती तिच्यात हंगामानुसार आणि गट नंबरानुसार लिहिली गेली, तर कुठल्याही बांधकामाआधीची मूळ नोंद गावातच तयार असेल.

या सगळ्यावरून जागेचे चार तुकडे पडले. जुनी मुरमाची खाण आणि तिच्या भोवतीचा गाजरगवताचा भाग ३ हेक्टर, चांगल्या गवताचा माळ ५ हेक्टर, ओढा आणि त्याचा काठ १ हेक्टर, आणि वेड्या बाभळीचे रान ३ हेक्टर. इंग्लंडच्या पद्धतीचा गाभा तेवढा उसना घेऊन आम्ही खाण आणि वेडी बाभूळ यांना प्रकाराचे २ गुण व स्थितीचा १, गवताला ६ व २, ओढ्याला ६ व ३ असे गुण दिले. खाणीचे ६, गवताचे ६०, ओढ्याचे १८ आणि वेड्या बाभळीचे ६, अशी बेरीज ९० झाली. इमारत, रस्ता आणि अंगण यांना १.६ हेक्टर लागणार होते. मूळ आराखड्याप्रमाणे ते गवतावर आले असते तर १९.२ एकके गेली असती. खाणीच्या भागावर नेले तर फक्त ३.२ जातात. इमारत तीच, खोल्या तेवढ्याच आणि हानी सहापट कमी. समितीतल्या सदस्यांना मी टिटवीबद्दल आधी दोनदा सांगितले होते, त्याने फारसे काही हलले नव्हते. हा गुणाकार फळ्यावर मांडल्यावर मात्र अभियंत्यांनी स्वतः उठून नकाशा फिरवला. आकड्यांचा हा उपयोग मी मान्य करतो. त्यांची मर्यादाही तितकीच खरी आहे : या गुणाकारात एकही पक्षी किंवा प्राणी मोजला जात नाही, अधिवास चांगला तर जीव असतील असे त्यात गृहीत धरलेले असते. म्हणून बीळ, घरटे आणि रात्रीचा मुक्काम यांची नोंद आम्ही वेगळी ठेवली आणि त्या जागा गुण न पाहताच राखून ठेवल्या.

उरलेले काम वाढीचे होते आणि तिथे समितीत खरा वाद झाला. खजिनदारांची मनापासून इच्छा होती की माळावर पाचशे झाडे लावावीत. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला सावलीची ओढ असणारच. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला होता आणि तेव्हापासून माळ दिसला की खड्डे घ्यायचे, ही आपली सवय अधिकच पक्की झाली आहे. पण चांगल्या गवतात दर तीन मीटरवर खड्डा खोदून गिरिपुष्प लावले, तर तो अधिवास वाढवणे नव्हे. एक अधिवास मोडून तिथे दुसरा, बहुधा कमी प्रतीचा, उभा करणे आहे. माळटिटवी आणि धाविक हे पक्षी उघडी जमीन शोधतात, आणि झाडे दाटली की ते निघून जातात. शेवटी असे ठरले की, झाडे इमारतीभोवती आणि ओढ्याकाठी लावायची, तीही हिवर, करंज, पळस, कडुनिंब अशी इथलीच. गवतात एकही खड्डा घ्यायचा नाही. बाहेरून काळी माती आणून पसरायची नाही, हेही मी लिहून घेतले. माळाची माती दोन-तीन इंच असते आणि तिच्या निकसपणामुळेच इथली गवते व कंद टिकून आहेत. कसदार माती आली की तणे त्यांना दाबून टाकतात.

वेड्या बाभळीचे रान तीन वर्षांत, दरवर्षी एक हेक्टर याप्रमाणे मुळासकट काढायचे आहे. नुसते तोडले तर बुंध्यातून दुप्पट फुटते, आणि एकदम काढले तर वाडीवरच्या बायकांचे सरपण जाते. मोकळ्या झालेल्या जागी याच माळावरचे मारवेल व पवन्याचे बी विखरायचे, गवताची कापणी बी पडून गेल्यावरच करायची आणि भोवत्यांसाठी काही पट्टे न कापता सोडायचे. चराई पूर्ण बंद केलेली नाही. चराईविना गवत जुने होऊन साचते आणि वणव्याला निमंत्रण मिळते, म्हणून आबांच्या सल्ल्याने माळाचे भाग पाडून आळीपाळीने मेंढरे सोडायची आहेत. तारेचे कुंपण फक्त इमारतीभोवती असेल. तेही जमिनीपासून वीतभर उचललेले, म्हणजे ससा आणि खोकड अडणार नाहीत. या सर्वांतून अपेक्षित असलेल्या वाढीचे गुण आम्ही निम्मेच धरले आहेत.

या पाहणीसाठी वर्ष गेले, आणि त्याची किंमत मी लपवणार नाही. हे वसतिगृह ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी आहे. दिवाळीनंतर आईबाप कारखान्याकडे निघाले की ज्या मुलींना मागे ठेवायला घर नसते, त्यांची शाळा तिथेच सुटते. संस्थेच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला भर बैठकीत विचारले की, पक्ष्यांसाठी आपण मुलींना आणखी एक हंगाम फडावर पाठवायचे का. त्यांचा प्रश्न योग्य होता. आम्ही गावातली दोन घरे भाड्याने घेऊन २२ मुलींची सोय केली, पण सगळ्यांची झाली नाही. यातून मी एवढे शिकलो की, पाहणी खरेदीखत झाल्याबरोबर सुरू करायला हवी होती. आराखडा, परवानग्या आणि निधी यांत वर्ष जातेच, त्याच वर्षात चारही फेऱ्या होऊन जातात आणि बांधकामाचा एकही दिवस वाया जात नाही. पैशाचा खर्च तर फाटकाच्या किमतीइतकाही झाला नाही : पाइप, दोरी, छापील नमुने, विद्यार्थ्यांचा नाश्ता आणि गाडीचे भाडे.

हीच गोष्ट सौरप्रकल्पांबाबत अधिक निकडीची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली गावोगावच्या गायरानांवर पॅनेल उभी राहत आहेत. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते आणि अशा प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीची अट नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हे मला मनापासून हवे आहे. रात्री-अपरात्री मोटार सुरू करायला जाणाऱ्या माणसाच्या घरात मी वाढलो आहे. म्हणूनच उपकेंद्राजवळच्या जागांची यादी करताना कोणता तुकडा आधीच खरवडलेला आहे आणि कोणत्या तुकड्यावर अजून मारवेल उभे आहे, एवढे जरी सप्टेंबरमध्ये एकदा पाहून घेतले, तरी वीज आणि माळ दोन्ही राहतील, अशा जागा प्रत्येक तालुक्यात सापडतील असे मला वाटते.

वसतिगृहाची आखणी फेब्रुवारीत खाणीच्या भागावर झाली आणि पाया आता वर आला आहे. एप्रिलमध्ये मी आणि आबा पुन्हा माळाच्या मध्यावर गेलो होतो. जुना खळगा वाऱ्याने बुजला होता, पण त्यापासून चाळीसेक पावलांवर नवा होता आणि त्यात तीन अंडी होती. येत्या सप्टेंबरमध्ये चौकटी त्याच ३० ठिकाणी पुन्हा टाकायच्या आहेत. खुंट्यांना आम्ही लाल रंग देऊन ठेवला आहे, कारण गवत कमरेएवढे झाले की त्या सापडत नाहीत.